मोगऱ्यातला लव्हाळा असा आटोक्यात आला

वेंगुर्ल्याला आमच्या परसात मोगऱ्याची ८ वर्षांची जुनी झाडं आहेत. दोन वर्षांपूर्वी विकतच्या शेणखतातून त्यांत लव्हाळा शिरला. उपटला की चार दिवसांत पुन्हा वर! हा गवतासारखा दिसतो, पण दांडा बोटांत फिरवला की तीन कडा लागतात. तणनाशक मारायला मन धजेना; मोगऱ्यावर उडालं तर जपलेलं झाड जायचं.

भाद्रपदात माती मऊ असताना एका दांड्याखाली टोकदार खुरप्याने वीतभर खणलं. दोऱ्यासारख्या मुळावर पाच काळ्या गाठी, माळेत ओवल्यासारख्या. एक फोडली, आत पांढरी, आणि उटण्याचा वास. हाच तो नागरमोथा! गाठ जमिनीत राहते, म्हणून उपटून उपयोग नाही.

मोकळ्या जागेतल्या माळा अख्ख्या काढल्या, कातळावर उन्हात कडकडीत वाळवल्या. खतखड्यात मुळीच टाकू नका. मोगऱ्याच्या मुळांत अडकलेल्यांना मात्र हात लावला नाही. दर आठ दिवसांनी कोंब मातीलगत कापत राहिले. हिरवी पात वाढू दिली नाही की गाठीतला साठा संपत जातो. लव्हाळ्याला सावलीही सोसत नाही, म्हणून मधल्या जागेत अबोली दाट लावली.

यंदा आठवड्याला दोन-चार कोंब दिसतात, तेवढे लगेच कापते.