त्वचेला कॅलेंडुला लावताय? या चुका टाळा

तोरण उतरवल्यावर उरलेला झेंडू खोबरेल तेलात मुरवायचा आणि कॅलेंडुला तेल म्हणून चेहऱ्याला लावायचं, हे कृपया करू नका. झेंडू आणि कॅलेंडुला ही दोन्ही फुलं सूर्यफुलाच्या कुळातली, रंगही सारखा, पण झाडं वेगळी. झेंडूची पानं कातरलेली, उग्र वासाची. कॅलेंडुलाची लांबट, अखंड, किंचित चिकट. झेंडूच्या अर्कात असं द्रव्य असतं की ते लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. युरोपीय संघाने मोठ्या झेंडूच्या (टॅजेटिस इरेक्टा) फुलांचा अर्क सौंदर्यप्रसाधनांत वापरायला बंदीच घातली आहे. विकत घेताना बाटलीवर ‘कॅलेंडुला ऑफिसिनॅलिस’ हेच नाव बघा.

याहून गंभीर चूक म्हणजे गाजर गवताची ॲलर्जी विसरणं. 1950च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं हे तण आता बांधाबांधावर आहे. त्याने चेहरा, मान, कोपरे खाजून लाल झालेली माणसं शेतीवाडीत नेहमी दिसतात. गाजर गवत आणि कॅलेंडुला एकाच कुळातले. त्यामुळे एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसरंही बाधू शकतं. शेवंतीने खाज सुटणाऱ्यांनीही सावध राहावं आणि त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हे लावू नये. नैसर्गिक आहे म्हणजे सोसेलच, हे मला अजिबात पटत नाही.

इतरांनीही आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर, दिवसातून दोनदा लावून बघावं.

फायदा खरा आहे, पण किती? 2004 साली फ्रान्समधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या 254 स्त्रियांपैकी कॅलेंडुला मलम लावणाऱ्या 41 टक्के जणींना त्वचेचा मध्यम किंवा तीव्र दाह झाला. दुसरं मलम लावणाऱ्यांत हे प्रमाण 63 टक्के होतं. सुरकुत्या किंवा वांग जाण्याशी या आकड्यांचा संबंध नाही.

घरच्या तेलाला बुरशी आली तर पाकळ्या ओल्या राहिल्या होत्या. ते तेल टाकून द्या, गाळून वापरू नका. होमिओपॅथीच्या दुकानातलं कॅलेंडुलाचं मदर टिंक्चर (मूळ अर्क) झोंबत असेल तर त्यात अल्कोहोल असतं, ते तसंच चेहऱ्यावर लावायचं नाही. पुरळ उठलं तर साध्या पाण्याने धुवा आणि वापर थांबवा. वर हळद-लिंबू चोळू नका. ओठ, डोळे सुजले किंवा धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा.