गरब्याच्या मैदानावर गेट ड्यूटी

बोरिवली, कांदिवली, गोरेगावच्या मैदानांवर नवरात्रात गेटला उभं राहणाऱ्याला वाटतं, नको त्या माणसाला आत सोडायचं नाही एवढंच आपलं काम. ते आहेच. पण गेट हाताबाहेर जातं ते बहुतेक वेळा रांग तुंबल्यामुळे.

आधी हिशोब. लाउडस्पीकर रात्री १० ला बंद होतो. १२ पर्यंतची सवलत ठरावीक दिवशीच मिळते. त्यामुळे साध्या दिवशी सगळे साडेसात ते साडेआठ या तासाभरातच येऊन धडकतात. पास स्कॅन आणि झडती मिळून एका माणसाला ९ सेकंद धरा, पर्स असेल तर २०. म्हणजे पुरुषांच्या लेनमधून तासाला ४००, बायकांच्या लेनमधून १८०. चार हजार लोक, त्यात निम्म्या बायका, तर पुरुषांना ५ आणि बायकांना ११-१२ लेन लागतात. आयोजक दोन्हीकडे सारख्या लेन लावून मोकळे होतात आणि साडेआठला बायकांची रांग रस्त्यावर येते. हे ब्रीफिंगलाच सुपरवायझरच्या कानावर घाला. लेन वाढवता येत नसतील तर बिनपर्सवाल्यांची लेन वेगळी काढा, तेवढ्यानेही बराच फरक पडतो.

पास तपासणारा माणूस झडतीच्या टेबलाजवळ नको, १५-२० मीटर आधी हवा. तिथे नेटवर्क हमखास बसतं, म्हणून स्कॅनरवर ऑफलाइन यादी आहे ना ते आधी बघा. पास चालला नाही, कुणी "मी साहेबांचा माणूस" म्हणालं, की वाद तिथेच घालायचा नाही. "दादा, जरा बाजूला या, बघतो" म्हणून बाजूच्या टेबलाकडे पाठवा. एका माणसाशी दोन मिनिटं हुज्जत घातली तर मागे तेरा-चौदा माणसं खोळंबतात, आणि त्यांना पुढे काय चाललंय ते दिसत नाही.

ड्यूटीच्या दोन तास आधी पोचून मैदानाला एक फेरी मारा. इमर्जन्सी गेटला कुलूप असेल तर काढायला लावा, नुसती कडी ठेवा आणि तिथे एक माणूस कायम उभा करा. दार बाहेर उघडतं का ते स्वतः ढकलून बघा. आत उघडणाऱ्या दारावर गर्दी टेकली की ते उघडत नाही. बाहेरच्या बाजूला टू-व्हीलर लागलेल्या असतातच, त्या गर्दी व्हायच्या आत हलवा. वॉकीटॉकीला इअरपीस घ्या, ढोल सुरू झाल्यावर स्पीकरवरचं काही ऐकू येत नाही. परतीचा पाऊस झाला असेल तर गेटसमोरच्या चिखलावर मॅट टाकून घ्या. गर्दीत एक जण घसरला की मागचे त्याच्यावर पडतात.

मेटल डिटेक्टरचं दार सपाट प्लायवुडवर उभं करा आणि लोखंडी बॅरिकेडपासून लांब ठेवा, नाहीतर ते उगाच वाजत राहतं. गरब्यात तसंही ते प्रत्येकीला वाजणार: ऑक्सिडाइज्डचा हार, कमरपट्टा, पैंजण. दोन दिवसांत गार्ड आवाजाकडे लक्ष देणंच सोडतो, आणि खरा धोका तिथे आहे. म्हणून हँडहेल्ड, म्हणजे हातात धरायचा मेटल डिटेक्टर, जवळ हवाच. दागिना दिसतोय तिथे वाजलं तर सोडा; पाठीमागे, कमरेच्या आत, घोट्यापाशी, जिथे काही दिसत नाही तिथे वाजलं तर थांबवा. पेसमेकर असल्याचं कुणी सांगितलं तर मशीन नाही, हातानेच झडती. बायकांची झडती महिला गार्डच घेणार, कनातीच्या आडोशाला. पर्समध्ये आपण हात घालायचा नाही: "बेन, पर्स उघडून टेबलावर ठेवा" म्हणायचं आणि टॉर्च मारून बघायचं. औषधं आत जाऊ द्या. लायटर, डिओ, काचेची बाटली टोकन देऊन जमा करा. टोकन नसेल तर परतताना त्यावरून भांडणं ठरलेली.

आता गर्दीचा दाब. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं झाली की सावध व्हा, पाचाच्या पुढे धोका. मोजायला वेळ नसतो, तेव्हा खुणा बघा: लोकांच्या पायांमधली जमीन दिसेनाशी होते, हात वर काढता येत नाहीत, आणि कुणी चाललेलं नसताना अख्खा घोळका एकदम डावी-उजवीकडे सरकतो. ही शेवटची खूण दिसली की झडती बंद, बाजूची बॅरिकेड उघडा आणि लोकांना मोकळ्या जागेत सोडा. पुढून "मागे सरका" ओरडून काही होत नाही. आधी रांगेच्या शेपटाकडच्या माणसाला वॉकीटॉकीवरून सांगून मागून येणारे थांबवायचे. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले, तेव्हाही पुढची माणसं अडकलेली होती आणि मागून लोक येतच होते.

कुणी प्यायलेला असेल तर एकट्याने जाऊ नका, दोघं जा. एक बोलेल, दुसरा बघेल. हात उगारायचा नाही. वर्दी असली तरी आपल्याला पोलिसांचे अधिकार नाहीत. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० खाली कुणाही नागरिकाला तो माणूस धरता येतो, आणि विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावा लागतो. बंदोबस्ताचे पोलीस जवळच असतात, त्यांना लगेच बोलवा. नसतील तर ११२. कुणी चक्कर येऊन पडलं तर १०८, आणि ॲम्ब्युलन्स कोणत्या गेटने येणार ते त्याच फोनवर सांगा.

हरवलेलं मूल सापडलं तर माइकवर त्याचं नाव पुकारू नका. नाव ऐकून कुणीही न्यायला येतो. पालकाला मुलाचं नाव, कपडे आधी विचारा आणि महिला गार्डसमोरच ताबा द्या.

गरबा सुटण्याच्या पंधरा मिनिटं आधी रांगेची नागमोडी बॅरिकेड काढून सगळी गेट उघडा. आत येणारे आणि बाहेर जाणारे एकाच गेटवर समोरासमोर येऊ देऊ नका. डेकोरेटरची माणसं आरती संपताच दिवे मालवून केबल गुंडाळायला लागतात. मैदान रिकामं होईपर्यंत त्यांना थांबवा, कारण अंधारात लोक त्याच केबलला अडखळतात.