नवजात बाळाची औषधाची लेव्हल वाचताना या चुका टाळा

‘फेनिटॉइनची (झटके थांबवणाऱ्या औषधाची) रक्तातली लेव्हल ८ आलीय, कमी आहे, डोस वाढवू का?’ झटके येणाऱ्या नवजात बाळाबद्दल असं कुणी विचारलं, तर आधी थांबा. तो ८ मिलिग्रॅम प्रति लिटर हा आकडा एकूण औषधाचा. त्यातलं बहुतेक रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेलं असतं, काम करतं ते मोकळं औषध. मोठ्या माणसात साधारण १० टक्के मोकळं, म्हणजे ०.८. नवजातात ते २० टक्क्यांच्या आसपास जाऊ शकतं, म्हणजे १.६. मोकळ्या फेनिटॉइनची नेहमीची मर्यादा १ ते २. कागदावर कमी दिसणारी लेव्हल बाळाला पुरेशी असू शकते. मोठ्यांची १० ते २० ची रेंज गाठण्यासाठी डोस चढवला, तर विषबाधा आपणच ओढवून घेतो.

बाळाचं अल्ब्युमिन मुळात कमी, अपुऱ्या दिवसांच्या बाळाचं आणखी कमी. त्यात बिलिरुबिन (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) आणि फॅटी ॲसिड त्याच्यावरची जागा अडवून बसतात. लिडोकेनसारखी (बधिर करणारी) औषधं ज्या दुसऱ्या प्रथिनाला चिकटतात, तेही बाळात कमीच.

पण ‘मोकळं जास्त, मग सरसकट डोस निम्मा’ हेही चूकच. बाळाच्या अंगात पाण्याचं प्रमाण जास्त असतं आणि यकृत, मूत्रपिंड अजून कच्चं. हिशोब प्रत्येक औषधाचा वेगळा. अल्ब्युमिनवरून लेव्हल दुरुस्त करायचं मोठ्यांचं सूत्र इथे लावू नका. मोकळी लेव्हल मिळत असेल तर तीच मागवा. नसेल तर बाळ सुस्त आहे का, दूध ओढतं का, हे नीट बघा.

उलट्या दिशेची चूक मला जास्त भीतीदायक वाटते: औषध बिलिरुबिनलाच अल्ब्युमिनवरून ढकलतं आणि मोकळं झालेलं बिलिरुबिन मेंदूत शिरतं. १९५६ साली अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सल्फा (एक प्रकारची अँटिबायोटिक) दिल्यावर मृत्यू आणि मेंदूची कावीळ वाढल्याचं एका अभ्यासात दिसलं, तेव्हा हा धोका जगासमोर आला. म्हणून कावीळ असलेल्या नवजाताला सेफ्ट्रायझोन हे अँटिबायोटिक नको. २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला सलाईनमधून कॅल्शियम चालू असेल तरी ते नकोच, पण तिथे कारण वेगळं: दोन्ही मिळून साका धरतो.

घरच्यांनी थोरल्या मुलाच्या उरलेल्या बाटलीतलं औषध थेंबभरही देऊ नये. बाळ पिवळं असेल तर बाळंतिणीने स्वतःसाठी सल्फाची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

आणि गोव्यातल्या पेडणे, साखळीहून बाळाला बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवताना चिठ्ठीवर ही माहिती हवीच: किती आठवड्यांचं जन्मलं, आज किती दिवसांचं, बिलिरुबिन, अल्ब्युमिन, दिलेलं प्रत्येक औषध आणि शेवटच्या डोसची वेळ.