कॅम्परसाठी जुनी व्हॅन बघायला जाताय? बोनेट शेवटी उघडा

आत झोपता-स्वयंपाक करता येईल असा कॅम्पर बनवायला जुनी व्हॅन बघायला गेलं की आपण काय करतो, पहिलं बोनेट उघडतो, सेल्फ मारतो, आवाज ऐकतो आणि मान डोलावतो. मी पण तेच केलं होतं. इंजिन एकदम गोड, धूर नाही काही नाही, मी खूश, पैसे देऊन मोकळा. मग घरी आणून मागची प्लायची फळी उचकटली तर खाली पत्रा कमी आणि चाळणी जास्त. पुढचे कितीतरी महिने सुट्टीच्या दिवशी वेल्डिंगच चालू होतं.

तेव्हापासून मी उलटा जातो. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक, यातलं सगळं बदलता येतं, पैसे जातात, डोकं जातं, पण बदलता येतं. गाडीची मापं बदलत नाहीत आणि कुजलेला पत्रा कुठवर कुजलाय ते पूर्ण उघडल्याशिवाय कळत नाही. त्यात कॅम्परची एक वेगळीच भानगड आहे, एकदा इन्सुलेशन, लाकूड, पलंग, ओटा बसवला की आतल्या पत्र्यापर्यंत हातच पोचत नाही, म्हणजे आज जो गंज तुम्ही "बघू नंतर" म्हणून सोडला तो भिंतीमागे निवांत वाढत बसणार.

सोबत न्यायचं सामान फार नाही. चांगला टॉर्च, मेजरिंग टेप, मास्किंग टेप, मऊ कापडात गुंडाळलेलं एक लोहचुंबक, जुना स्क्रूड्रायव्हर, खाली झोपायला चादर, एक मोठा पुठ्ठा आणि जमलं तर फोनला जोडायचा छोटा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा). शिवाय असा एक मित्र ज्याला कॅम्परचं अजिबात वेड नाही. तुम्ही स्वप्नात असता तेव्हा तो टायर बघत असतो.

आधी मापं, कारण मापात बसत नसेल तर बाकी तपासण्यात वेळ घालवायचाच कशाला. उंची मोजताना जमिनीपासून छताच्या आडव्या पट्टीपर्यंत मोजा, दोन पट्ट्यांच्या मधल्या खोलगट जागेत नाही, कारण फळ्या शेवटी त्या पट्टीलाच लागणार आहेत. खाली इन्सुलेशन आणि प्लाय, वर इन्सुलेशन आणि फळ्या, असं धरलं की सहज ८ ते १० सेंटिमीटर जातात. म्हणजे १७५ सेंटिमीटरच्या माणसाला आत ताठ उभं राहायचं असेल तर रिकाम्या गाडीत निदान १८५ हवेत. रुंदी त्याहून महत्त्वाची, कारण आडवं झोपता आलं तर पलंगाला लांबी कमी लागते आणि उरलेल्या जागेत अख्खा ओटा बसतो. फियाट ड्युकाटोसारख्या गाडीत मालाच्या जागेची रुंदी १८७ सेंटिमीटर आहे म्हणून लोक तिच्यात आडवे झोपतात, पण दोन्ही बाजूंनी तीन-तीन सेंटिमीटर भिंत धरली की उरले १८१, उंच माणसाचे पाय तिथेच अडकले. तेव्हा लाजू नका, चादर टाका आणि सरळ आडवे व्हा. विकणारा हसेल, हसू दे.

मग मास्किंग टेपने जमिनीवर पलंग, ओटा, बसायची जागा आखून टाका. सरकता दरवाजा उघडल्यावर समोर काय येतं, चाकांच्या वरचे फुगवटे कुठे येतात, हे कागदावर कधीच नीट कळत नाही. छताकडे पण बघा. छतावरच्या पंख्याला साधारण १४ बाय १४ इंचाचं, म्हणजे ३५.५ सेंटिमीटरचं चौकोनी भोक पाडावं लागतं, तेवढी मोकळी जागा पट्ट्यांच्या मधे आहे का आणि ती सोलर पॅनेलच्या जागेत घुसत नाही ना. पुढच्या सीट फिरवून मागे तोंड करायचा विचार असेल तर हँडब्रेकचा दांडा कुठे आहे आणि सीटखाली काय आहे तेही बघून ठेवा, काही गाड्यांत बॅटरीच सीटखाली असते.

वजनाचं गणित बहुतेक जण सोडून देतात. दाराच्या चौकटीवर किंवा बोनेटखाली एक पाटी असते, तिच्यावर गाडीचं जास्तीत जास्त भरलेलं वजन आणि पुढच्या-मागच्या अॅक्सलची मर्यादा वेगवेगळी लिहिलेली असते. समजा एकूण ३५०० किलो आणि रिकामी गाडी २२००, तर हातात १३०० किलो, वाटतं भरपूर आहेत. आता मोजा. दोन माणसं १५० किलो, १०० लिटर पाणी म्हणजे सरळ १०० किलो, १२ मिलीमीटर प्लायचा एक आठ बाय चार फुटी शीट २० ते २५ किलो आणि असे पाच-सहा शीट कधी संपतात कळत पण नाही, १०० अॅम्पिअर-अवरची लेड बॅटरी २५ ते ३० किलो (लिथियम घेतली तर अर्ध्याहून कमी), मग पलंग, गादी, गॅस, कपडे, सायकली. मोठ्या उंच गाडीत हे बसून जातं, छोट्या गाडीत नाही बसत. आणि पाण्याची टाकी, सायकली असं जड सामान मागच्या चाकांच्याही मागे गेलं की मागचा अॅक्सल एकूण वजनाच्या आधीच मर्यादा ओलांडतो. विकणाऱ्याला विचारून रिकामी गाडी वजनकाट्यावर घालून आणता आली तर उत्तम, कागदावरचं वजन आणि खरं वजन यात कधीकधी बराच फरक निघतो.

आता गंज. इथे घाई करू नका, अर्धा तास गेला तरी चालेल. चादर टाका, खाली सरका, टॉर्च मारा. वरवरचा तांबूस भुरका गंज सगळ्याच जुन्या गाड्यांना असतो, तारेच्या ब्रशने घासून गंजरोधक लावला की झालं. काळजी करायची ती पापुद्रे सुटणाऱ्या, फुगलेल्या, थराथराने निघणाऱ्या गंजाची. विकणाऱ्याला विचारून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा, चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला भदभद. मग जिथे आवाज बदलला तिथे टोकाने हळूच दाबून बघा.

बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. सरकत्या दरवाजाखालचा उंबरा आणि पायरी, चाकांचे फुगवटे आतून आणि बाहेरून दोन्हीकडून, मागच्या दारांची खालची कड, पुढच्या काचेची चौकट (रबराखाली रंग फुगलाय का), छताच्या दोन्ही बाजूंच्या पन्हाळ्या, जॅक लावायच्या जागा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धक्के पेलणारे पाटे जिथे चॅसीला धरलेत ती जागा, चॅसीच्या लांब पट्ट्या, आणि सीटबेल्ट जिथे बोल्टने आवळलेत तो पत्रा. या शेवटच्या तीनपैकी कुठेही स्क्रूड्रायव्हर आत गेला तर मी तरी धन्यवाद म्हणून निघतो, मग गाडी कितीही स्वस्त असो. दरवाजाची कड कुजली असेल तर नवा दरवाजा मिळतो.

खालून ताजा काळाकुळकुळीत डांबरी लेप मारलेला दिसला तर खूश होऊ नका. कोणी खरंच काळजीने मारला असेलही, पण विकायच्या आदल्या आठवड्यात मारला असेल तर कशासाठी मारला ते विचारा. लोहचुंबक त्यासाठीच आहे, पत्र्यावर फिरवत न्या, जिथे पकड एकदम ढिली पडते तिथे आत जाड पुट्टी भरलेली आहे. आणि मागे जमिनीवर प्लाय किंवा रबर मॅट असेल तर एक कोपरा तरी उचलायला लावा. "फिट बसवलीये, निघत नाही" हे वाक्य मी ऐकलं होतं आणि मान्य केलं होतं, पुढचं तुम्हाला माहितीये.

गंजाच्या मागे बहुतेक वेळा पाणी असतं. पाऊस चालू असताना गाडी बघायला मिळाली तर नशीब समजा, नाहीतर होजपाईप मागून घ्या. पाणी खालून वर असं हळूहळू न्यायचं, एकेका भागावर दोन-तीन मिनिटं, आणि मित्राला टॉर्च घेऊन आत बसवायचं. एकदम वरून ओतलं तर पाणी कुठून शिरलं ते कळत नाही. ठरलेल्या चोरवाटा म्हणजे मागचा उंचावरचा ब्रेकलाइट, छतावरच्या कॅरियरचे बोल्ट, अँटेना, नंतर कापून बसवलेली खिडकी आणि सरकत्या दरवाजाचं रबर. आत तपकिरी ओघळ, ड्रायव्हरच्या पायाखालचा ओला गालिचा, कुबट वास, सगळं बघा. गाडीत शिरल्या शिरल्या अत्तराच्या दुकानासारखा वास आला तर नाक अजून जवळ न्या.

गाडीने आधी काय काम केलं हे विचाराच. कुरियरची असेल तर सरकता दरवाजा दिवसाला शंभर वेळा उघडबंद झालेला असतो, त्याचे रोलर आणि रेल झिजलेले असतात, क्लच आणि पहिले दोन गिअर पण. रुग्णवाहिका असेल तर देखभाल सहसा चांगली, पण इंजिन तासन्‌तास उभ्या गाडीत चाललेलं असतं आणि ते किलोमीटरच्या आकड्यात दिसत नाही, शिवाय छताला दिव्यांची भोकं. मिनीबसला खिडक्या आयत्या मिळतात, पण काचेतून उन्हाळ्यात ऊन आणि हिवाळ्यात थंडी पण आयती मिळते. थंड माल नेणारी गाडी इन्सुलेशनसकट येते, मोह होतो, पण त्या भिंती जड आणि जाड असतात आणि आत ओल शिरली असेल तर दिसत नाही. मासे किंवा रसायनं वाहिलेली गाडी मी फुकट दिली तरी घेणार नाही. वास जात नाही हो, आणि तुम्हाला तिथे झोपायचंय.

आता उघडा बोनेट. जायच्या आधीच सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका, आणि गेल्यावर इंजिनला हात लावून बघा, कोमट असेल तर कोणीतरी तुमच्या आधी गरम करून ठेवलीये. थंड इंजिनच खरं बोलतं. सेल्फ किती वेळ फिरवावा लागतो ते बघा आणि मित्राला सायलेन्सरच्या मागे उभं करा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, पांढरा धूर सकाळी दोन मिनिटं असेल तर नुसती वाफ, पण गरम झाल्यावरही येत राहिला आणि गोडसर वास असेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) आत जातंय. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट लोणी दिसलं तर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग) गेलं असेल किंवा गाडी फक्त छोट्या फेऱ्या मारत असेल, मग कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग आहे का ते बघून ठरवा. टायमिंग बेल्ट असेल तर कधी बदलला त्याचं बिल मागा, तोंडी उत्तर धरू नका, कारण चालत्या इंजिनात तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून इंजिन बसतं. डिझेल गाडीला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल आणि ती फक्त शहरात फिरली असेल तर तो काजळीने भरलेला असू शकतो, त्याला स्वतःला जाळून साफ व्हायला लांब आणि वेगातली धाव लागते.

ओबीडी स्कॅनर लावला तर फक्त एरर कोड बघू नका. कोड पुसणं एक बटण दाबण्याइतकं सोपं आहे, पण ते पुसले की गाडीचा कॉम्प्युटर स्वतः ज्या तपासण्या करतो त्यांचे निकाल पण पुसले जातात आणि त्या "तयार नाही" असं दाखवतात. कोड एकही नाही आणि अर्ध्या तपासण्या अपूर्ण, म्हणजे तुम्ही यायच्या थोडं आधी कोणीतरी बटण दाबलंय, किंवा बॅटरी काढली होती. कुठलं ते विचारा आणि चेहरा बघा.

चालवायला निदान अर्धा तास घ्या, हायवेचा वेग आला पाहिजे. वरच्या गिअरमध्ये कमी वेगाला दाबून अॅक्सिलरेटर द्या, इंजिनचा आवाज चढला आणि गाडी मागेच राहिली तर क्लच गेला. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवा, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी कटकट करत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचे जॉइंट झिजलेत. वेगात घूं असा आवाज येतो आणि वळणावर बदलतो, तो बेअरिंगचा. ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते का. तापमानाचा काटा मधे जाऊन थांबला पाहिजे, हीटर पण लावून बघा.

टायरवर डॉट या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसू दे, वय झालेला टायर भरलेल्या कॅम्परखाली नको, खर्चात धरून ठेवा. नव्या गाड्यांत बहुतेक स्मार्ट अल्टरनेटर असतो, तो व्होल्टेज मनाप्रमाणे कमीजास्त करतो, त्यामुळे मागच्या दिवे-पंख्याच्या वेगळ्या बॅटरीसाठी दोन बॅटऱ्या नुसत्या जोडणारा साधा रिले चालत नाही, डीसी-टू-डीसी चार्जर घ्यावा लागतो. हाही खर्च आत्ताच लिहून ठेवा.

कागदपत्रांत चॅसी नंबरचे १७ अक्षरं-आकडे गाडीवर कोरलेल्या नंबरशी एकेक करून जुळवा, गाडीवर कर्ज बाकी नाही ना बघा, आणि माल वाहणाऱ्या गाडीची कॅम्पर म्हणून नोंदणी बदलायला तुमच्याकडे काय नियम आहेत ते घेण्याआधी विचारून या. काही ठिकाणी पलंग, ओटा, खिडकी असं ठरावीक सामान असल्याशिवाय नोंद बदलत नाही, आणि नोंद नाही तर विमा कंपनी पुढे हात वर करते.

चालवून आल्यावर लगेच निघू नका. पुठ्ठा इंजिनखाली सरकवा आणि चहा घेता घेता पंधरा मिनिटं गप्पा मारा, भाव करायलाही हीच वेळ बरी. मग पुठ्ठा ओढून बघा. काळा तपकिरी थेंब इंजिन ऑइलचा, लालसर असेल तर गिअर किंवा स्टिअरिंगचं तेल, हिरवा-गुलाबी आणि गोड वासाचा असेल तर कूलंट. नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं आहे, त्याचे पैसे कमी करून मागू नका.