बांधलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चढवताय? कूलर लाइन धुताना या चुका टाळा

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलून, दुरुस्त करून, परत बांधून आणला, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) बदलला, ऑइल नवं, फिल्टर नवा, आणि थोड्याच दिवसांत गाडी परत लिफ्टवर. मग बांधणाऱ्याच्या नावाने खडे फोडायचे. कधी कधी दोष त्याचाच असतो, नाही असं नाही, पण बऱ्याचदा घाण गाडीतच राहिलेली असते, गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणाऱ्या कूलरमध्ये आणि त्याच्याकडे जाणाऱ्या-येणाऱ्या दोन लाइनमध्ये, म्हणजे पाइपांमध्ये.

आधी ऑइलची वाट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. पंप सम्पमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या टाकीतून, ऑइल ओढतो आणि फिल्टर असतो तो पंपाच्या आधी. तिथून ऑइल कन्व्हर्टरमध्ये जातं, कन्व्हर्टरमधून निघालं की कूलरला, आणि कूलरमधून परत आलेलं ऑइल बहुतेक गिअरबॉक्समध्ये थेट ल्युब्रिकेशनला जातं म्हणजे बुश, बेअरिंग, प्लॅनेटरी गिअर यांना. मध्ये फिल्टर नाही! म्हणजे जुन्या गिअरबॉक्सने जाता जाता ओकलेला क्लचचा काळा चुरा आणि मेटलचा कीस कूलरमध्ये बसून राहिला असेल तर इंजिन पहिल्यांदा चालू केल्यावर तो सरळ नव्या बुशवर जाऊन पडतो, सम्पमधल्या फिल्टरला पत्ताही लागत नाही.

आता चुका. सगळ्यात कॉमन म्हणजे एका टोकाला एअर गन लावायची, फुस्स करून दुसऱ्या टोकातून चार थेंब उडाले की झालं क्लीन. हवा मोकळ्या वाटेने निघून जाते, चिकटलेला गाळ जागचा हलत पण नाही. रेडिएटरच्या टाकीत जो कूलर असतो त्याच्या नळीत बऱ्याचदा ऑइल घुसळलं जावं म्हणून पत्र्याच्या वळणदार पट्ट्या बसवलेल्या असतात, कीस नेमका त्यांच्या खाचांत अडकतो. त्याला सॉल्व्हंट लागतं, प्रवाह लागतो आणि थोडा वेळ लागतो. गरम ऑइल धक्के देत फिरवणारं फ्लशिंग मशीन मिळालं तर उत्तमच.

दिशा पण महत्त्वाची. घाण ज्या बाजूने आत गेली त्याच बाजूने जोर दिला तर ती अजून आत ठासली जाते, म्हणून आधी उलट्या दिशेने धुवायचं, म्हणजे रिटर्न लाइनमधून सॉल्व्हंट सोडून जाणाऱ्या लाइनमधून बाहेर काढायचं, मग सुलट्या दिशेने. काही गाड्यांच्या लाइनमध्ये वन-वे व्हॉल्व्ह असतो, तो उलट दिशेने काही जाऊ देणार नाही, आणि इथे लोक काय करतात तर प्रेशर वाढवतात. कूलर फुटतो अशाने. व्हॉल्व्ह आधी काढा, त्याच्यात पण कचरा अडकलेला असतोच, आणि कॉम्प्रेसरची 100-120 पीएसआयची हवा रेग्युलेटर न लावता कूलरला कधीच देऊ नका, किती चालेल ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. डोळ्यांना गॉगल लावा आणि सॉल्व्हंटचा फवारा उडत असताना जवळपास ठिणगी नको.

सगळ्यात फसवी चूक थर्मोस्टॅटची. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत कूलरच्या लाइनवर थर्मोस्टॅटिक बायपास असतो, ऑइल थंड असेपर्यंत तो ऑइलला कूलरमध्ये न पाठवता बाहेरच्या बाहेर परत फिरवतो. गाडी थंड, तुम्ही फ्लश लावला, दोन मिनिटांत स्वच्छ लाल ऑइल यायला लागलं, सगळे खूश. प्रत्यक्षात कूलरला एक थेंब लागलेला नाही, तुम्ही फक्त पाइप धुतलेत. अशा वेळी बायपास काढून घ्या किंवा कूलर सुटा करून वेगळा धुवा, आणि वेगळा ऑक्झिलरी, म्हणजे जादा, कूलर असेल तर तो पण विसरू नका.

बाहेर येतंय ते स्वच्छ आहे की नाही हे बादलीत बघून कळत नाही. जुन्या बनियनचं पांढरं फडकं ताणून धरा, त्यातून ऑइल गाळा आणि टॉर्च तिरका मारा. काळा मऊ गाळ दिसला तर क्लचचं मटेरियल आहे, धूत राहा. चमचम करणारे कण लागले तर मेटल आहे, आणि ते दुसऱ्या-तिसऱ्या वेळेलाही येतच असतील तर धुणं बंद करा आणि कूलर बदला. प्लेटवाला कूलर असेल तर मी तर सरळ बदलाच म्हणेन, त्याच्यात एकाला एक लागून इतक्या बारीक वाटा असतात की एक चोक असली तरी बाकीच्यांतून ऑइल छान वाहतं आणि आपण फसतो. जुना कन्व्हर्टर धुऊन परत वापरायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका.

पेट्रोल, रॉकेल, ब्रेक क्लीनर, पाणी यातलं काही वापरू नका. पाण्याने क्लच प्लेटवरचं लायनिंग सुटतं, बाकीचे सील आणि ऑइलची वाट लावतात. ट्रान्समिशन कूलरसाठीचं सॉल्व्हंट वापरलं तरी शेवटी कमी प्रेशरची हवा मारून ते पूर्ण बाहेर काढायचं आणि मग जे ऑइल गाडीत भरणार त्याच ग्रेडचं एक-दीड लिटर ऑइल लाइनमधून सोडून द्यायचं. हे ऑइल वाया जातं म्हणून लोकांना जिवावर येतं.

जुनं ऑइल दुधाळ गुलाबी निघालं असेल तर धुवत बसूच नका, रेडिएटरच्या आत कूलर लीक होऊन कूलंट ऑइलमध्ये शिरलंय, रेडिएटर बदलावाच लागेल.

लाइन सोडताना दोन पाने लावा, एकाने फिटिंग धरायचं आणि दुसऱ्याने नट फिरवायचा, नाहीतर पाइप पिळला जातो. पिळलेल्या पाइपात ऑइल जाईल पण निम्मंच. रबरी होज जुने असतील तर बदला, आतला थर सुटून पडद्यासारखा वाट बंद करतो आणि बाहेरून काही दिसत नाही, आणि त्या जागी साधा पेट्रोलचा पाइप लावू नका.

सगळं जोडल्यावर फ्लो बघितल्याशिवाय गाडी देऊ नका. रिटर्न लाइन सोडून मापाच्या बरणीत धरा, एकाने गाडी न्यूट्रलमध्ये आयडलवर ठेवायची, दुसऱ्याने घड्याळ बघायचं. साधारण 20 सेकंदांत एक लिटरच्या आसपास ऑइल यायला पाहिजे, आणि अर्ध्या मिनिटाच्या आत इंजिन बंद कारण ऑइल कमी झालं की पंप कोरडा पडतो. बायपासवाल्या गाडीत ऑइल गरम झाल्यावरच ही टेस्ट करा. कमी आलं तर कूलरच्या आधीच्या लाइनवर तेच करून बघा. तिथे जोरात येत असेल तर कूलर किंवा रिटर्न पाइप चोक आहे, तिथेही बारीकच येत असेल तर कूलरला दोष देऊ नका, गिअरबॉक्सकडे नाहीतर ऑइल लेव्हलकडे बघा. दरवेळी गेलेलं ऑइल भरून लेव्हल करायची.

रिटर्न लाइनवर मॅग्नेटवाला इनलाइन फिल्टर लावला तर चांगलंच, बाण गिअरबॉक्सच्या दिशेने बघून बसवा. काहीशे किलोमीटर चालल्यावर तो काढून कापून बघा, मॅग्नेटवर राखाडी लेप असेल तर नवीन पार्ट घासून बसतायत, नवा फिल्टर टाकून चालवा, पण नखाला टोचतील असे तुकडे निघाले तर गाडी तिथेच थांबवा आणि कूलर परत खोला.