तापमान मोजताना या चुका टाळा

कोविडच्या काळापासून टेंपरेचर गन घरोघरी पोचली, आणि तेव्हापासून एकच चूक वारंवार दिसते. चकचकीत स्टीलच्या भांड्यावर गन रोखायची आणि दिसेल तो आकडा खरा मानायचा. (कपाळाची गन तर या कामाची नाहीच, ती ४३ अंशांच्या आसपास थांबते.)

गन वस्तूतून निघणारे अवरक्त किरण पकडते आणि त्यावरून तापमानाचा हिशोब करते. साध्या गनमध्ये हा हिशोब ०.९५ उत्सर्जकता (पृष्ठभाग आदर्श काळ्या पृष्ठभागाच्या तुलनेत किती किरण सोडतो ते प्रमाण) धरून बसवलेला असतो. कातडी, लाकूड, रंगवलेली भिंत, वापरून काळा पडलेला तवा यांना तो बऱ्यापैकी लागू पडतो. घासून लख्ख केलेल्या स्टीलची उत्सर्जकता मात्र ०.१ च्या आसपास असते. ते स्वतःचे किरण थोडेच सोडतं आणि भिंतीचे, छताचे, तुमच्या अंगाचे किरण परतवतं. गन तेच वाचते.

एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात नववीच्या मुलांनी स्टीलचं पातेलं आणि काळी लोखंडी कढई शेजारी ठेवली होती. दोन्हींत पाणी खदखदत होतं. कढईचा आकडा नव्वदीत, पातेल्याचा चाळिशीच्या आत. तक्त्यावर ठळक अक्षरांत निष्कर्ष: ‘स्टील बाहेरून गार राहते’. त्या आकड्यावर विसंबून एक मुलगी फडक्याशिवाय पातेलं उचलायला निघाली, तिला वेळेवर थांबवलं. मग पातेल्याला इलेक्ट्रिशियनची काळी टेप चिकटवली, जरा वेळ जाऊ दिला आणि त्याच गनने टेपवर मोजलं. आकडा नव्वदीपार! मुलांना मी दोष देणार नाही. आत पाणी उकळतंय आणि पत्रा कोमट, हे पटतं का, एवढं मार्गदर्शकाने विचारायला हवं होतं. पण तक्ता भरायची घाई होती.

टेपचं रिळ मी गनच्या पिशवीतच ठेवतो. तव्यावर ती लावू नका, वितळते, आणि काळ्या तव्याला तिची गरजही नाही. लेझरचा लाल ठिपका काही मोजत नाही, तो फक्त नेम दाखवतो. गनवर १२:१ लिहिलं असेल तर १२० सेंटिमीटरवरून ती १० सेंटिमीटर रुंद वर्तुळाची सरासरी देते. म्हणून जवळ जा. काचेपलीकडचं तापमानही गनला कळत नाही, ती काचेचंच सांगते.

दुसरी चूक हाताने तापमान ठरवण्याची. पहाटे दाराची लोखंडी कडी गार लागते आणि लाकडी फळी लागत नाही, म्हणून कडी जास्त थंड, असं लोक छातीठोकपणे सांगतात. रात्रभर एकाच हवेत असलेल्या दोघांचं तापमान सारखंच असतं. लोखंडाची उष्णतावाहकता लाकडाच्या शेकडो पट असते, त्यामुळे ते हाताची उष्णता झपाट्याने ओढून घेतं आणि हाताला तो वेग जाणवतो. नागपुरात मे महिन्यात सावलीतही पारा ४४ वर गेला की हेच उलटं होतं आणि कडी फळीपेक्षा गरम लागते. पटत नसेल तर अ‍ॅल्युमिनियमच्या ताटात आणि पोळपाटावर बर्फाचा एकेक खडा ठेवा. ‘गार’ ताटातला आधी वितळतो. मुलांना हे समीकरणाच्या आधी दाखवावं, असं माझं ठाम मत आहे.

उकळत्या पाण्यात १०० आला नाही म्हणून थर्मामीटर फेकू नका. पुण्यात पाणी सुमारे ९८ ला उकळतं, महाबळेश्वरला ९५-९६ ला. शून्याची खात्री बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून, ढवळत राहून करा. आकडा स्थिरावेपर्यंत थांबा. दहा सेकंदांत वाचून उपकरणाला नावं ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

उकळी फुटल्यावर गॅस मोठा केल्याने उघड्या भांड्यातलं पाणी आणखी तापत नाही, वाफ तेवढी वाढते.

आणि जाड काच म्हणजे भक्कम काच, असं समजून साध्या काचेच्या बरणीत उकळतं पाणी ओतू नका. आतली बाजू फुगते, बाहेरची मागे राहते, आणि जाडी जितकी जास्त तितका ताण जास्त. अशा कामाला तापल्यावर कमी फुगणारी बोरोसिलिकेट काचच घ्या.