सप्ताहातलं भजन वेगवेगळ्या ट्रॅकवर कसं रेकॉर्ड करावं

खानापूर-निपाणीकडच्या सप्ताहांत आता डिजिटल मिक्सर दिसतात, रेकॉर्डिंग मात्र अजून मोबाईलवर. त्यात टाळच टाळ ऐकू येतात, थकलेल्या बुवांचा आवाज खाली दबतो. तोच मिक्सर लॅपटॉपला जोडला तर प्रत्येक माईक वेगळा साठवता येतो. माईकचा आवाज लॅपटॉपात नेणारी निराळी पेटी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, घेऊ नका.

बेहरिंगर एक्स ३२ हा मिक्सर धरून सांगतो. यूएसबी केबल मिक्सरच्या मागच्या कार्डाला लावा. वरच्या पॅनेलवरचं यूएसबी पेनड्राइव्हसाठी असतं, तिथे फक्त स्टिरिओ, म्हणजे सगळं मिसळून दोनच ट्रॅक, मिळतं. विंडोज असेल तर एएसआयओ ड्रायव्हर (मिक्सर आणि लॅपटॉप जोडणारं सॉफ्टवेअर) घरूनच टाकून न्या. मॅकला तो लागत नाही.

मिक्सरच्या राउटिंगमध्ये, म्हणजे कुठला आवाज कुठे जातो ते ठरवणाऱ्या पानावर, ‘कार्ड आउट’ उघडा. पहिल्या आठ आउटना लोकल १-८ (मिक्सरच्याच माईक-जागा), पुढच्या आठांना लोकल ९-१६ द्या. लॅपटॉपवर रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तोच ड्रायव्हर निवडा, दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा आणि सोळा ट्रॅकना एकेक इनपुट देऊन त्यांची रेकॉर्डिंगची लाल बटणं दाबा.

आता गेन, म्हणजे माईकचा आवाज मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा ते. इथे घाई करू नका. या जोडणीत आवाज प्रीअँपनंतर (गेन जिथे लागतो तो पहिला टप्पा) लगेच लॅपटॉपकडे जातो. फेडर (आवाजाची सरकपट्टी) किंवा ईक्यू (जाड-बारीक सूर कमीजास्त करणारी बटणं) कितीही हलवा, रेकॉर्डिंग बदलत नाही. गेनला हात लावला की बदलतं. म्हणून चाचणीत एकट्या बुवांना गायला लावून भागत नाही. सगळ्या टाळकऱ्यांना उभं करून ‘ज्ञानोबा माउली तुकाराम’चा गजर पूर्ण जोरात म्हणायला सांगा आणि सर्वात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असं बघा. पखवाजाचा गेन डाव्या पुडीला कणीक लावून झाल्यावरच ठरवा, कारण नाद तिथेच बदलतो. टाळांना वेगळा माईक देऊ नका, ते गायकांच्या माईकमध्ये भरपूर येतात.

सोळा ट्रॅक २४ बिटला तासाला साधारण सव्वाआठ जीबी जागा खातात. लॅपटॉपची स्लीप बंद करा. एका कीर्तनात माझा लॅपटॉप मध्येच झोपला आणि उत्तररंग कायमचा गेला, ते अजून सलतं. मिक्सर यूपीएसवर ठेवा, वीज जाताच कार्ड बंद पडतं. हम, म्हणजे सततची घूं, आला तर मिक्सर आणि लॅपटॉप दोन्ही विजेच्या एकाच बोर्डावर घ्या.

सुरुवातीआधी मिनिटभर रेकॉर्ड करून हेडफोनवर एकेक ट्रॅक ऐका. रात्री सामान आवरण्याआधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी काढा. फोल्डरला गाव, तारीख, बुवांचं नाव आणि अभंगाची पहिली ओळ द्या. ‘ट्रॅक ०१’ वरून पुढच्या वर्षी कुणालाच काही उमगत नाही.